स्टॅबिलायझर काढायचा की ठेवायचा

आमचा लष्करी कॉलम जालना जिल्ह्यात पूरमदतीसाठी निघाला तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड ड्रायव्हर, एमटी, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट. निवृत्ती जवळ आली होती आणि आता काही विशेष घडणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. संध्याकाळच्या रोल कॉलला सुभेदार साहेबांनी डिटेल, म्हणजे कोण कुठे जाणार ती यादी, वाचली आणि माझ्या नावापाशी थांबले.

"दिगंबर, तेरा इलाका है?"

"हां साब. मंठा तालुका."

"तो तू चलेगा. दूसरा कौन है उधर का?"

दुसरा होता नायक शेख युनूस. भोकरदन तालुक्यातला. सगळ्या युनिटमध्ये जालन्याचे आम्ही दोघंच. बर्फात गाडी चालवली होती, वाळूत चालवली होती, पण वर्दी घालून स्वतःच्याच जिल्ह्यात जायची वेळ दोघांवरही पहिल्यांदाच आली होती. युनूस त्या रात्री बूट पॉलिश करत म्हणाला, "भाऊ, आपल्याकडचे लोक आपल्याला सलाम करतील का बैलाचा भाव विचारतील?" मी म्हणालो, आधी भाव विचारतील, मग सलाम करतील. तसंच झालं.

मुक्काम पूर्णेच्या काठापासून जरा आत, एका जिल्हा परिषद शाळेत. वर्गात जवान, व्हरांड्यात लंगर, मैदानात गाड्या. आमच्या वाट्याला एक अडीच टनी गाडी आली. फोर-बाय-फोर, वय झालेली, पण इंजिन खणखणीत. काम एकच होतं. हिवरवाडी नावाचं गाव पाण्याने तुटलं होतं. गावाच्या अंगावर पाझर तलाव, तलावाची भिंत झिरपू लागलेली. भिंत फुटली तर गाव जाणार. म्हणून माणसं थोडी थोडी करून शाळेत आणायची, आणि जी मागे राहतील त्यांना पाणी, पीठ पोहोचवायचं. नदीच्या बाजूने बोट होती, पण ती दुसऱ्या गावांना लागत होती.

रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. शाळेतून निघालं की आधी ओढा. त्याचा नळकांडी पूल वाहून गेलेला. ओढ्यात दगड आणि खड्डे असे, की एक चाक वर तर दुसरं खाली. ओढा पार केला की तलाव. भिंतीच्या माथ्यावर फक्त पायवाट, गाडी तिथे बसत नाही. गाडीला भिंतीच्या पायथ्याच्या तिरक्या उतारावरून, एका अंगावर कलून जावं लागायचं. खालच्या अंगाला सांडव्याची चारी. उतार संपला की हिवरवाडी.

आता थोडं यंत्राचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीच्या पुढच्या ॲक्सलला एक वाकवलेली पोलादी दांडी असते. तिला स्टॅबिलायझर म्हणतात, आम्ही नुसतं रॉड म्हणायचो. तिची दोन टोकं दोन बाजूंना लिंकने जोडलेली असतात. गाडी एका अंगाला कलायला लागली की हा रॉड पीळ खातो आणि तिला सरळ धरतो. वळणावर, उतारावर त्याचा मोठा आधार. पण खड्ड्यात तोच आडवा येतो. एक चाक खाली जायला बघतं, रॉड त्याला जाऊ देत नाही. चाक हवेत लटकतं आणि जागच्या जागी फिरत बसतं. दोन्ही बाजूंच्या लिंकचे नट काढून रॉड मोकळा केला की चाक खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचतं आणि गाडी ओढ्यातून आरामात निघते. म्हणजे ओढ्यासाठी रॉड काढायला हवा आणि उतारासाठी ठेवायला हवा. आणि आमच्या रस्त्यावर ओढा अन् उतार एकामागोमाग होते. मधे थांबून, चिखलात झोपून, नट खोलत-लावत बसायला पाऊस देत नव्हता.

माझं मत काढण्याचं होतं. ओढ्यात अडकलो आणि पाणी वाढलं तर सगळेच गेले. उतारावर काय, पाय आवरून हळू जाता येतं. युनूसचं मत ठेवण्याचं. तो म्हणायचा, "ओढ्यात फसलो तर ट्रॅक्टर बोलवता येतं, भाऊ. उतारावर पल्टी खाल्ली तर कोणाला बोलवता?" ईएमईच्या, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरच्या, हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, जो चलाएगा वो तय करे, मुझे क्यूं फँसाते हो. सुभेदार साहेबांनीही तोंडी तेच सांगितलं. झालं. एक दिवस मी, एक दिवस तो, अशी पाळी लागली. माझ्या दिवशी रॉड मोकळा, त्याच्या दिवशी लावलेला. मी ओढ्यातून पाण्यासारखा निघायचो आणि उतारावर तोंडात देवाचं नाव. तो ओढ्यात घरघर करत अडकायचा, गावचं ट्रॅक्टर दोर टाकायचं, आणि उतारावर पठ्ठ्या चक्क गाणं म्हणायचा. रोज संध्याकाळी लंगरमध्ये आमचं भांडण, आणि बाकीचे जवान टाळ्या पिटायला.

"तुमचं दैव चांगलं हे, म्हणून चाललंय," तो म्हणायचा.

"आणि तुझं ट्रॅक्टर चांगलं आहे म्हणून," मी म्हणायचो.

पण भांडण होतं तसंच ठेवून आमच्यात एक रीत पडली. ती कुणी ठरवली नाही. पहिल्यांदा मी परत आलो तेव्हा अंधारायला आलं होतं, उद्याची पाळी युनूसची होती. पहाटे हा बिचारा चिखलात झोपून रॉड लावत बसेल, म्हणून मीच लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आला आणि माझ्यासाठी काढून ठेवला. मग रोजचंच झालं. ज्याला पटत नव्हतं त्यानेच दुसऱ्याच्या मताप्रमाणे गाडी तयार करायची. जेवायला वाढताना समोरच्याला काय लागतं ते न विचारता पानात पडतं, तसं. याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. निदान नेमकं कधी करतोस, एवढं तरी विचारून ठेवायला हवं होतं.

त्या दिवशी पाळी माझी होती. आदल्या संध्याकाळी युनूस उशिरा आला, भिजलेला, दमलेला. जेवला आणि झोपला. त्याने रॉड तेव्हाच काढला की सकाळवर ठेवला, मला माहीत नाही. सकाळी उजाडलं तेव्हा मी व्हरांड्यात दाढी करत होतो. मैदानात आमच्या गाडीखालून युनूसचे बूट बाहेर आले होते. तो काहीतरी करत होता. रोजचंच म्हणून मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

तेवढ्यात निरोप घेऊन रनर आला.

"दिगंबर उस्ताद, आप बोट पे. मेजर साब को गाइड चाहिए. गाडी युनूस ले जाएगा."

"युनूसला सांगितलं?"

"बता दिया."

कधी सांगितलं? मला सांगण्याआधी, हे नक्की. पण युनूस गाडीखाली शिरण्याआधी की नंतर? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पुढे तो रोज पडत राहिला. कारण आधी सांगितलं असेल, तर युनूस स्वतःसाठी रॉड लावत होता. नंतर सांगितलं असेल, तर तो माझ्यासाठी काढत होता.

मी साबण पुसला, लाइफ जॅकेट चढवलं आणि निघालो. गाडी सुरू झाल्याचा आवाज मागून आला. त्या दिवशी माणसं कमी होती, म्हणून को-ड्रायव्हरही बोटीवर घेतला होता. ओढ्याच्या काठावर दोर आणि रेडिओ सेट घेऊन दोन जवान उभे केले होते, तेवढेच.

दुपार व्हायच्या आत सेट बोलला. मी बोटीत मेजर साहेबांच्या शेजारी होतो.

"टायगर वन, टायगर वन, टायगर टू बोल रहा हूं. ओव्हर."

"बोलो. ओव्हर."

"गाडी पलट गई है. तालाब के नीचे. ओव्हर."

"सवारी? ओव्हर."

"सवारी सब ठीक. पैदल थे. ओव्हर."

मेजर साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

"ड्रायव्हर? ओव्हर."

मग उत्तर आलं. मी ते इथे लिहीत नाही.

गाडी सांडव्याच्या चारीत आडवी झाली होती. पुढचा अर्धा भाग पाण्यात. आम्ही पोहोचलो तोवर गावकऱ्यांनी आणि जवानांनी त्याला बाहेर काढलं होतं. मी त्याचा चेहरा पुसला. मग मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी गाडीकडे गेलो आणि वाकून ॲक्सल बघितला. माणूस गेल्यावर यंत्र कशाला बघायचं? पण मी ड्रायव्हर आहे, माझा हात तिकडेच गेला. डाव्या बाजूची लिंक जोडलेली होती. उजवी मोकळी. तुटलेली नव्हती, नट काढून नीट मोकळी केलेली. आणि ते नट संध्याकाळी युनूसच्या शर्टाच्या खिशात सापडले.

एका बाजूने सुटलेला रॉड म्हणजे रॉड नसल्यासारखाच. तो पीळ खात नाही, काही धरत नाही. गाडी अर्धवट तयार होती, एवढं स्पष्ट झालं. पण कोणतं अर्धं? काढण्यातलं की लावण्यातलं?

हिवरवाडीतली उरलेली माणसं त्या दिवशी ट्रॅक्टरने आणि बोटीने काढली. दोन दिवसांनी भिंत खचली, गावात पाणी शिरलं. माणूस एकही नव्हता.

चौकशी झाली, नियमाप्रमाणे होते तशी. निष्कर्ष निघाला, पावसाने भिजलेली माती चाकाखाली सरकली. ईएमईचे कॅप्टन साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, एवढ्या मऊ मातीत रॉड असता तरी काही फरक पडला नसता. मला ते पटलं. मग ईएमईचा हवालदार म्हणाला, रॉड असता तर गाडी अर्धा हात कमी कलली असती आणि तेवढ्यात निघून गेली असती. तेही पटलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, रॉड-बिड काही न्हाई, साहेब, तिथं खालून माती खाल्ली गेल्ती, माझं ट्रॅक्टर असतं तरी गेलं असतं. तेही खरंच वाटलं. जो बोलत असेल त्याचं बोलणं संपेपर्यंत मला सगळं समजायचं. तो उठून गेला की पुन्हा काही कळायचं नाही.

गावकऱ्यांचे जबाब झाले त्यात एक गोष्ट आली. हिवरवाडीचे माजी सरपंच नामदेवराव यांनी सांगितलं, की उताराच्या अलीकडे गाडी फार हलू लागली, म्हणून आम्हीच थांबवली. मीच म्हणालो, उतरा रे सगळे, हा ड्रायव्हर काही खरा न्हाई. आणि सगळे उतरून भिंतीवरून पायी गेले, म्हणून वाचले. बाकीच्या पुरुषांनी माना डोलावल्या. ओढ्यावरच्या जवानांना दुरून माणसं भिंतीवरून चालताना दिसली होती, ती कुणी उतरवली हे त्यांना काय कळणार. ते तसंच लिहिलं गेलं.

मी युनूसला घरी घेऊन गेलो. त्याचे वडील रहीमचाचा. आयुष्यभर भोकरदन-जालना टेम्पो चालवलेला माणूस. कधी कुणाला खरचटू दिलं नाही, याचा त्यांना सगळ्यात मोठा अभिमान. युनूसला स्टिअरिंग त्यांनीच हातात दिलं होतं. तिरंग्याची घडी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. मातीनंतर माणसं पांगली तेव्हा त्यांनी मला बाजूला बसवलं.

"दिगंबर, एक सांग. माझ्या पोराची चूक होती का?"

"चौकशीत माती सरकली असं आलंय, चाचा."

"कागद न्हाई विचारून राह्यलो. तुला विचारतो."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. खोटं बोलता आलं असतं. पण ड्रायव्हर माणसाशी गाडीबद्दल खोटं बोलता येत नाही.

पुढे मी निवृत्त झालो आणि जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागलो. आजही तिथेच आहे. दर ईदला भोकरदनला जातो. चाचांची सून, युनूसची बायको, शीरखुर्मा आणून ठेवते, नातू आता उंच झालाय. आणि चाचा दर वर्षी तेच विचारायचे. मधल्या काळात नामदेवरावांची गोष्ट गावोगाव फिरत भोकरदनच्या बाजारात पोहोचली होती. टेम्पो स्टँडवर लोक बोलायचे: मिल्ट्रीवाला कसला, लोक आपल्या अकलेनं उतरले म्हणून वाचले, न्हाईतर रहीमच्या पोरानं सगळ्यांना घेऊन डुबवलं असतं. चाचांनी स्टँडवर जाणं सोडलं. ज्या स्टँडवर त्यांचा जन्म गेला, तिथे चहा प्यायलाही जाईनात. मला राग यायचा. पण उत्तर द्यायला माझ्याकडे होतं काय?

एका ईदला मी चाचांना विचारलं, "युनूस काम कोणत्या बाजूनं सुरू करायचा?"

"उजव्या," ते लगेच म्हणाले. "बूट असो का टायर, बिस्मिल्ला म्हणून उजवीकडून. लहानपणापास्नं तसंच शिकवलं."

मला वाटलं, सुटलं कोडं. उजवीकडून सुरुवात करायचा आणि उजवी लिंक मोकळी होती; म्हणजे तो काढत होता. माझ्यासाठी. आदेश आला आणि काम अर्धं राहिलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका ट्रकखाली मी स्वतः झोपून बघितलं. पुढून शिरलो तर गाडीची उजवी तीच माझी उजवी. पण बाजूने शिरलो तर माझी उजवी म्हणजे कधी बोनेट, कधी मागची चाकं. युनूसचे बूट मला गाडीच्या कोणत्या अंगाला दिसले होते? आठवेना. कपडे झटकत बाहेर आलो तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर माझ्याकडे वेड लागल्यासारखा बघत होता. आणि समजा, काढतच होता, तरी मुख्य प्रश्न तसाच. अर्धं काम विसरून तो निघाला का? युनूस विसरणारा नव्हता. पण माणूस दमलेला होता, घाई होती, पाऊस होता. मी एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला.

याच सुमारास एमआयडीसीतले काही हौशी लोक जीप घेऊन माझ्याकडे यायला लागले. डोंगरात गाडी घालायची, यूट्यूबवर बघितलं, रॉड काढून टाकतात. सुभेदारसाहेब, काढू का ठेवू? मी सुभेदार नाही, हेही त्यांना सांगून दमलो. त्यांना म्हणायचो, मेकॅनिकला विचारा. माझ्या तोंडावरचा भाव बघून पुन्हा कुणी विचारत नसे.

गेल्या हंगामात कारखान्यात बी निवडायला नव्या बायका लागल्या. त्यात एक कौसाबाई होती. साठीच्या पुढची, आवाज सगळ्या शेडमध्ये जाईल असा. पूर्वी कपाशीच्या प्लॉटवर क्रॉसिंगला, म्हणजे संकरित बियाण्यासाठी फुलं जुळवायला, जायची. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून मुलाकडे जालन्यात राहत होती. मुलगा रोलिंग मिलमध्ये. गेटवर तिची हजेरी घेताना मी गाव विचारलं.

"आता काय गाव राह्यलं, साहेब. हिवरवाडी होतं."

माझा पेन थांबला. "पुराच्या वेळी तिथे होता तुम्ही?"

"व्हते की. मिल्ट्रीच्या शेवटच्या गाडीत व्हते. ती पल्टी झाली ती."

मी तिला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. तिचा जबाब कधीच झाला नव्हता. त्याच संध्याकाळी मुलगा येऊन तिला जालन्याला घेऊन गेला होता, आणि बायकांना कुणी विचारलंही नव्हतं.

"नामदेवराव म्हणाले, त्यांनी गाडी थांबवून सगळ्यांना उतरवलं."

कौसाबाई हसली. हसली म्हणजे चिडून हसली.

"नामद्या? अवो, तो तर उतरायलाच तयार नव्हता! गाडीला धरून बसल्ता. एवढा पाऊस, कोण उतरतंय? गाडी त्या पोरानं थांबवली. मागं आला, फळकं खोललं, आन् म्हणला, सगळे खाली उतरा, पायी भिंतीवरून जा. नामद्या म्हणला, आम्ही सरपंच माणसं, चिखलात चालू का? तर त्या पोरानं त्याला बखोटीला धरून उतरवला. मला मात्र हात दिला. माझं बोचकंबी खांद्यावर घेऊन पायवाटेपोत्तर आणून दिलं."

"काही बोलला का तो? का उतरायचं, ते?"

"म्या विचारलं की. म्हणलं, बाबा, काल तर बसून नेलं लोकांला, आज का पायी? तर म्हणला, मावशी, गाडीचं एक काम आज अर्धं राह्यलंय. मला म्हाईत हे म्हणून सांगतो. रिकामी काढतो, तुम्ही पलीकडं थांबा, मंग वढ्यातून बसून जाऊ."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता, गेट उघडायचं होतं, ते मी दुसऱ्याला सांगितलं. त्याला माहीत होतं. तो विसरला नव्हता. रॉड माझ्यासाठी काढत होता की स्वतःसाठी लावत होता, हे मला आजही कळलेलं नाही, आणि त्या क्षणी पहिल्यांदाच ते कळावंसंही वाटलं नाही. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. कौसाबाई घाबरली. तिने शेडमधून चहा मागवला.

पुढच्या सुट्टीला मी तिला एसटीने भोकरदनला नेलं. वाटेत तिने मला दोनदा विचारलं, त्या पोराचे आई-बाप रागावतील का? मी म्हणालो, आई नाही, बाप आहे, आणि तो वाट बघतोय.

रहीमचाचा ओसरीवर बसले होते. कौसाबाईने मला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं, बोचक्यासकट. तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"त्याला म्हाईत होतं, गाडी पुरी न्हाई म्हणून?"

"व्हतं. त्यानंच सांगितलं."

"मंग तो का न्हाई उतरला?"

मी काहीतरी म्हणायला गेलो. कौसाबाईने मला थांबवलं.

"कसा उतरंल, भाऊ? वढा चढल्ता. आम्हाला पायी वलांडता आला असता का? आन् गावात आजून माणसं राह्यल्ती. गाडी तर पलीकडं न्यावीच लागणार व्हती. कोणीतरी बसल्याबिगर ती जाती का?"

चाचांनी डोळे मिटले. त्यांच्या दाढीवरून पाणी खाली आलं, ते त्यांनी पुसलं नाही. आतून सुनेचा हुंदका ऐकू आला. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि काठी घेतली.

"बाई, एक मेहरबानी करता? हेच बाजारात चलून सांगता?"

"चला की," कौसाबाई म्हणाली. "म्या काय भेते का कुणाला?"

बाजाराचा दिवस होता. टेम्पो स्टँडवर गर्दी होती. चाचांना बघून जुने ड्रायव्हर उठले, कुणी बाकावर जागा केली. ते बसले नाहीत. कौसाबाईने पदर खोचला आणि कारखान्याच्या शेडमध्ये घुमणाऱ्या त्याच आवाजात, पहिल्यापासून सांगितलं. नामदेवरावांचं बखोट आलं तेव्हा कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पुढचं कुणी हसण्यासारखं नव्हतं. एक म्हातारा ड्रायव्हर, जो सगळ्यात जास्त बोलायचा असं चाचा मला सांगत, तो खाली बघत होता.

"मरद पोरगा होता," तो म्हणाला. "नाव काय होतं त्याचं?" त्याला नाव माहीत होतं. पण त्याला ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं.

कौसाबाई गोंधळली. "ते म्या विचारलंच न्हाई. पोरगा म्हणलं त्याला."

रहीमचाचा पुढे झाले. काठी माझ्या हातात दिली आणि सरळ उभे राहिले.

"नायक शेख युनूस," ते म्हणाले. "माझा पोरगा."